भांडवल तोकडे, तरी डाव आपला : प्रवरा पट्ट्यातील तीन धडे

व्यापार-उदीमाच्या पानावर आज क्रिकेटचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण हा लेख क्रिकेटच्या शौकिनांसाठी नाही. ज्यांच्या गल्ल्यात पैसा कमी, हाताखाली माणसे कमी आणि पदरी शिक्षणही बेताचे आहे, अशा छोट्या धंदेवाल्यांसाठी हा अभ्यास आहे.

आपल्या तरुणांशी धंद्याविषयी बोलायला बसले की चार वाक्ये हमखास कानावर येतात. भांडवल नाही. डिग्री नाही. इंग्रजी येत नाही. कोणाची ओळख नाही. चारही गोष्टी अनेकदा खऱ्या असतात. त्या नाकारण्यात अर्थ नाही. 'हिंमत करा, सर्व काही जमेल' असे भाषण ठोकून कोणाचे दुकान चालत नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या गोष्टी आपल्याजवळ नाहीत, त्या नसतानाही डाव कसा चालवायचा? आणि आपल्यापेक्षा जास्त जाणणारी माणसे हाताखाली असतील, तर त्यांच्याकडून काम कसे घ्यायचे?

याची उत्तरे शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली तीन गावे आहेत : श्रीरामपूर, आश्वी खुर्द आणि लोणी. या तीन गावांतल्या तीन माणसांचे तीन धडे आपण पाहू. पहिले दोघे खेळाडू आहेत, तिसरा शेतकरी. तिघांपाशीही काही ना काही कमी होते. ते लपविण्यात त्यांनी वेळ घालविला नाही.

धडा पहिला : जे गेले त्याचा हिशोब करा

झहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. शिक्षण मराठी शाळेत झाले. श्रीरामपुरात ना मोठे मैदान, ना नावाजलेले प्रशिक्षक. सतराव्या वर्षी मुलगा मुंबईला गेला. अभियांत्रिकीचा सुरक्षित रस्ता सोडून नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांच्या हाताखाली गोलंदाजी करू लागला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तालीम मिळाली. मुंबईच्या मुख्य संघात जागा मिळेना, तेव्हा त्याने बडोद्याकडून खेळणे पत्करले. २०००-०१ च्या मोसमात बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवून रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात झहीरने ८ बळी घेतले. मुंबईत जागा नाही म्हणून तो घरी परत आला नाही, एवढे इथेच टिपून ठेवावे.

२००० साली तो भारतीय संघात आला तो वेगाच्या जोरावर. पण वेग ही गोलंदाजाची अशी पुंजी आहे की ती दुखापतीने केव्हाही कमी होते. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जोशाच्या भरात झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. त्या दिवशी ७ षटकांत ६७ धावा गेल्या आणि बळी एकही मिळाला नाही. त्यानंतर दुखापतींचे सत्र सुरू झाले. २००५ च्या अखेरीस तो संघाबाहेर होता. करारातली श्रेणीही खाली आली. वय सत्तावीस. पुष्कळांच्या हिशोबी हा माणूस संपला होता.

इथे त्याने काय केले ते धंदेवाल्याने नीट पाहावे. २००६ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या कौंटीकडून खेळायला गेला. कौंटीत गाजावाजा कमी आणि काम जास्त. आठवड्यामागून आठवडे गोलंदाजी करायची, रोज निराळे मैदान, निराळी हवा. पहिल्याच सामन्यात १० बळी मिळाले. एसेक्सविरुद्ध एका डावात ९ मिळाले. मोसमाअखेर बळींची संख्या ७८ झाली. या काळात त्याने धाव आखूड केली. शरीरावरचा ताण कमी केला. गेलेला वेग परत आणण्याच्या मागे तो लागला नाही. चेंडू दोन्ही बाजूंना वळविणे, जुना चेंडू उलटा वळविणे, धावताना चेंडू हाताआड लपविणे, डावखुऱ्या फलंदाजाला यष्टीच्या दुसऱ्या बाजूने येऊन अडचणीत टाकणे, असा एकेक जिन्नस त्याने आपल्या दुकानात भरला.

२००६ च्या डिसेंबरात जोहान्सबर्गलाच भारताने दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवरचा पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघात झहीर परतला होता. २००७ मध्ये ट्रेंटब्रिजला त्याने ९ बळी घेतले आणि २१ वर्षांनंतर भारताने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. मग आला २ एप्रिल २०११ चा दिवस. मुंबईत वानखेडेवर पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आठ वर्षांपूर्वी ज्याच्या पहिल्या षटकात १५ धावा गेल्या होत्या, त्याने पहिल्या ५ षटकांत ३ षटके निर्धाव टाकली, फक्त ६ धावा दिल्या आणि १ बळी घेतला. शेवटच्या षटकांत श्रीलंकेच्या फलंदाजांनी त्यालाही चोपले. १० षटकांत ६० धावा आणि २ बळी असा त्याचा आकडा झाला. म्हणजे जादू काही झाली नव्हती. पण त्या स्पर्धेत त्याचे एकूण बळी २१ होते. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने ते सर्वांत जास्त. २००३ मध्ये वेग जास्त होता. २०११ मध्ये समज जास्त होती.

नेतृत्वाचा मुद्दाही इथेच येतो. झहीर भारतीय संघाचा कर्णधार कधीच नव्हता. तरी तरुण गोलंदाज धाव घेण्यापूर्वी मिड-ऑफला उभ्या असलेल्या झहीरकडे पाहत. कोणाला कुठे टप्पा द्यायचा, क्षेत्ररक्षक कुठे हलवायचा हे तो जवळ जाऊन सांगे. हुद्दा नसताना मिळालेला हा मान होता. स्वतः खाली पडून पुन्हा उभा राहिलेला माणूस सांगतो तेव्हा ऐकणारा कान देतो. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी, या हिशोबावर त्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्ती घेतली.

आता हा धडा दुकानात उतरवू. समजा, आपल्यापाशी ५० हजार रुपयांचे भांडवल आहे आणि समोरच्या मोठ्या दुकानात ५० लाखांचा माल आहे. त्याच्यासारखा सर्व तऱ्हेचा माल ठेवायला जाणे म्हणजे वेग नसताना वेगवान चेंडू टाकणे होय. ५० हजारांचा असा माल घेतला की ज्यावर शेकडा ३० टक्के सुटतात, पण तो खपायला सहा महिने लागतात. वर्षात दोनदा पैसा फिरला. नफा झाला ३० हजार. आता तेवढ्याच रकमेचा असा माल घेतला की ज्यावर शेकडा १० टक्केच सुटतात, पण तो महिन्याला संपतो. वर्षात पैसा बारा वेळा फिरला. नफा झाला ६० हजार. दुकानाचे भाडे, हमाली, घट यांचा खर्च दोन्हीकडे वजा करावाच लागेल. पण मुद्दा लक्षात यावा. ज्याच्याजवळ रक्कम कमी आहे त्याने ती फिरती ठेवावी. आपल्या पेठेत रोज काय जाते, हे ज्याला अचूक ठाऊक आहे, त्याला कमी मालात जास्त गिऱ्हाईक सांभाळता येते.

धडा दुसरा : मोडक्या संघाचा कर्णधार

संगमनेर तालुक्यात आश्वी खुर्द हे गाव आहे. अजिंक्य रहाणे यांचा जन्म ६ जून १९८८ रोजी तिथला. लहानपण गेले डोंबिवलीत. लोकलच्या गर्दीत किट सांभाळत मैदान गाठणाऱ्या मुलांपैकी तो एक. भारतीय संघात निवड झाल्यावरही कसोटीत प्रत्यक्ष उतरायला त्याला मार्च २०१३ पर्यंत वाट पाहावी लागली. तोवर तो राखीव म्हणून बाहेर बसून होता.

त्याच्या कौशल्याविषयी स्पष्टच बोललेले बरे. रहाणे चांगला फलंदाज, पण आपल्या पिढीतला सर्वांत मोठा नव्हे. ८५ कसोटींत ५०७७ धावा, सरासरी ३८ च्या आसपास. मध्येच मोठी खेळी, मध्येच दीर्घ दुष्काळ. त्याच संघात विराट कोहलीसारखा फलंदाज आणि कर्णधार होता. रहाणे उपकर्णधार. बोलणे कमी, आवाज हळू. कर्णधार म्हणजे गर्जना करणारा माणूस अशी ज्यांची कल्पना, त्यांच्या नजरेत तो भरणारा नव्हता.

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. कसोटीच्या इतिहासात भारताची ही सर्वांत कमी धावसंख्या. मोहम्मद शमीच्या हाताचे हाड मोडले. पत्नीचे बाळंतपण जवळ आल्याने कोहली आधीच ठरल्याप्रमाणे मायदेशी निघाला. तीन कसोटी शिल्लक होत्या आणि संघ रहाणेच्या हाती आला. त्यातच पहिल्या डावात कोहली ७४ वर धावबाद झाला होता तो रहाणेच्या चुकीच्या हाकेमुळे. आपण कोहलीची माफी मागितल्याचे रहाणेने नंतर सांगितले. म्हणजे नवा कर्णधार स्वतःच चुकलेला, संघ हरलेला, सर्वांत मोठा खेळाडू गेलेला. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर मोठा भागीदार निघून गेला, माल जळाला आणि चावी धाकट्याच्या हातात पडली.

पुढे त्याने काय काय केले, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट. गेलेल्या माणसाची नक्कल केली नाही. कोहलीच्या जागी दुसरा फलंदाज घेणे सरळ होते. त्याऐवजी रवींद्र जडेजाला घेतले आणि पाच गोलंदाजांनिशी संघ उतरविला. सामना जिंकायला वीस बळी लागतात, हा साधा हिशोब त्यामागे होता.

दुसरी गोष्ट. मेलबर्नला पहिल्याच सकाळी तासाभरातच आर. अश्विनच्या हाती चेंडू दिला. फिरकी गोलंदाज इतक्या लवकर आणण्याचा रिवाज नाही. पण अश्विनने मॅथ्यू वेड आणि स्टीव्ह स्मिथ यांना बाद केले. ज्याला ज्या कामात गती आहे, त्याला ते काम वेळेवर द्यावे. रिवाजाची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट. स्वतः खपला. त्याने ११२ धावा केल्या आणि जडेजाबरोबर १२१ धावांची भागी रचली. जडेजा पन्नाशीसाठी एक धाव घ्यायला गेला आणि त्यात रहाणेच धावबाद झाला. शतकवीर कर्णधार दुसऱ्याच्या घाईने बाद झाला, तर राग येणे साहजिक. रहाणेने जडेजाच्या जवळ जाऊन त्याला धीर दिला आणि शांतपणे तंबूत परतला. दहा दिवसांपूर्वी आपली चूक दुसऱ्याने सोसली होती, ही आठवण असणारा माणूस असाच वागतो. जडेजाने ५७ धावा केल्या. भारत ८ गड्यांनी जिंकला.

चौथी गोष्ट. सिडनीला प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला वर्णावरून शिव्या दिल्या गेल्या. सिराजच्या वडिलांचे नोव्हेंबरमध्येच हैदराबादला निधन झाले होते. तरी तो दौऱ्यावर थांबला होता. कर्णधाराने आपल्या नवख्या गोलंदाजाची तक्रार बाजूला सारली नाही. त्याला घेऊन तो पंचांकडे गेला आणि खेळ थांबला. पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला, तेव्हा रहाणेने आम्ही खेळायला आलो आहोत म्हणून नकार दिला, असे सिराजने नंतर सांगितले. काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले आणि खेळ पुढे चालू राहिला. माणसाचा मानही राखला आणि कामही थांबू दिले नाही. मालकाची खरी कसोटी अशाच वेळी लागते. त्याच सामन्यात शेवटच्या दिवशी हनुमा विहारी मांडीचा स्नायू दुखावलेला आणि अश्विनची पाठ आखडलेली, अशा अवस्थेत दोघांनी चाळीसहून अधिक षटके काढून सामना वाचविला.

पाचवी गोष्ट. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत अश्विन, जडेजा, बुमरा, शमी, उमेश यादव असे सर्व मुख्य गोलंदाज दुखापतीने बाहेर होते. जे पाच गोलंदाज उतरले त्यांनी तोवर सर्वांनी मिळून अवघ्या ४ कसोटी खेळल्या होत्या. सिराजच्या दोन, नवदीप सैनी व शार्दूल ठाकूर यांची प्रत्येकी एक. टी. नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचा तर तो पहिलाच सामना. याच सिराजने दुसऱ्या डावात ५ बळी घेतले. ६ बाद १८६ अशी अवस्था असताना ठाकूर आणि सुंदर या गोलंदाजांनीच १२३ धावांची भागी केली. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारत ३ गड्यांनी जिंकला. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ नंतर हरला नव्हता. मालिका २-१ अशी आपली झाली.

सहावी गोष्ट. करंडक हाती आल्यावर रहाणेने तो नवख्या नटराजनच्या हाती दिला. शंभरावी कसोटी खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला भारतीय संघाच्या सह्यांची जर्सी भेट दिली. मुंबईत परतल्यावर कांगारूची आकृती असलेला केक पुढे आला, तेव्हा तो कापण्यास नकार दिला. समोरच्याला हरवावे, पण त्याची इज्जत घेऊ नये. बाजारपेठेत ज्याच्याशी आज स्पर्धा आहे, उद्या त्याच्याकडूनच माल उसना आणावा लागतो, हे दुकानदाराला वेगळे सांगायला नको.

सहा कसोटींत त्याने भारताचे नेतृत्व केले. चार जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, एकही हरला नाही.

दूरदेशीचा दाखला

हे फक्त क्रिकेटचे नाही. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ खेळतात, त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो. कोणी कुठे धावायचे, चेंडू कोणाकडे फेकायचा हे त्याने काही क्षणांत ठरवायचे असते. म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या माणसासारखे त्याचे काम. २००० साली तिथल्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा टॉम ब्रॅडी याचा नंबर १९९ वा लागला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. अंग किरकोळ, पाय मंद. ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले. त्या खेळात ही गती फारच कमी समजतात. पण प्रतिपक्षाची मांडणी वाचणे, घाई न करणे आणि पिछाडीवर असतानाही साथीदारांचा धीर टिकविणे यांत तो तयार झाला. पुढे त्याने सर्वोच्च स्पर्धा, सुपर बोल, सात वेळा जिंकली. शेवटची २०२१ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी. निवड करणाऱ्यांनी त्याचे पाय मोजले होते. धीर मोजण्याचे घड्याळ त्यांच्याजवळ नव्हते.

धडा तिसरा : खुर्ची जाणकाराला द्या

आता मैदानातून प्रत्यक्ष धंद्यात येऊ. आश्वीजवळच लोणी आहे. तिथले विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी. शालेय शिक्षण बेताचेच. गावच्या सहकारी पतपेढीपासून त्यांनी काम सुरू केले. ऊस पिकविणारा शेतकरी गूळ करून बाजारात नेई आणि भाव दुसरेच ठरवीत. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना असावा, असा ध्यास त्यांनी घेतला. गावोगाव फिरून त्यांनी शेअर्सची रक्कम गोळा केली. ज्यांनी कारखान्याची चिमणी कधी जवळून पाहिली नाही, त्यांच्याकडून पैसे मागणे किती कठीण असेल, याची कल्पना वर्गणी मागणाऱ्याला येईल.

इथेच त्यांची मोठी समज दिसते. यंत्रसामग्री, कर्ज, सरकारी परवाने, हिशोब या गोष्टी आपल्या अभ्यासाच्या नाहीत, हे त्यांनी ओळखले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांना त्यांनी बरोबर घेतले. कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांकडे आणि उपाध्यक्षपद स्वतःकडे ठेवले. घाम आपला, माणसे आपली, स्वप्न आपले. पण अध्यक्षाची खुर्ची जाणकाराची. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झाले. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते.

आपल्यातील किती दुकाने केवळ एवढ्यासाठी बुडतात की मालकाला हिशोब येत नाही आणि हिशोब जाणणाऱ्याला तो वही दाखवीत नाही? किती कारखानदार कारागिरापेक्षा आपणच हुशार हे सिद्ध करण्यात दिवस घालवितात? ज्याला सर्व काही येते त्याला नेत्याची गरज नसते. नेता लागतो तो कमतरता असते म्हणूनच.

एक इशारा

इथपर्यंत वाचून कोणी असा अर्थ काढील की नेतृत्व आणि हिंमत असली म्हणजे कसबाची गरज नाही. तो अर्थ चुकीचा आहे. ब्रिस्बेननंतर महिनाभरातच कोहली परतला आणि रहाणे पुन्हा उपकर्णधार झाला. धावा आटल्या तशी वर्षअखेर ती जागाही गेली आणि २०२२ मध्ये तो संघाबाहेर झाला. ऑस्ट्रेलियातील विजयाच्या जोरावर जागा कायम राहिली नाही. बाजारही असाच आहे. काल काय केले ते गिऱ्हाईक विचारीत नाही, आज माल कसा आहे ते पाहते.

पण पुढचेही सांगितले पाहिजे. रहाणे मुंबईकडून रणजी खेळत राहिला. जून २०२३ मध्ये त्याला परत बोलावणे आले आणि ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ व ४६ धावा केल्या. सामना भारत हरला. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या मोसमात बराच काळ त्याची बॅट रुसलेली होती. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात मात्र ७३ धावा निघाल्या. म्हणजे हिंमत ही कसबाची जागा घेत नाही. कसब परत येईपर्यंत ती माणसाला मैदानात टिकवून ठेवते, एवढेच. आणि ते 'एवढेच' पुष्कळ आहे.

दुकानात कसे उतरवावे?

१) कमतरतेची नोंद करा. वहीच्या एका पानावर उभी रेघ मारा. डावीकडे आपल्याजवळ काय नाही ते लिहा. उजवीकडे त्यावाचून काय करता येईल ते. 'मोठी जागा नाही' याच्यासमोर 'घरपोच माल देता येईल' असे लिहिता आले पाहिजे. उजवी बाजू रिकामी राहिली तर तो धंदा आपला नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

२) मोठ्याची नक्कल करू नका. मोठा दुकानदार सहा महिने उधारी सोसू शकतो. आपण नाही. उधारीची मर्यादा आधी ठरवा आणि ती गिऱ्हाइकाला गोड शब्दांत पहिल्याच दिवशी सांगा.

३) माणसाला त्याचे काम द्या. समजा, ऊसतोडीच्या हंगामात आपल्या गॅरेजवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची गर्दी आहे. वेल्डिंगमध्ये तरबेज असलेल्या मिस्त्रीला चहा आणायला आणि वसुलीला पाठवू नका. वसुलीला आपण जा. मालकाने न आवडणारे काम स्वतःकडे घ्यावे.

४) चूक कबूल करा, चूक सोसा. आपल्याकडून माल चुकीचा गेला तर कामगारावर ढकलू नका. त्याच्याकडून एखादे नुकसान झाले तर गिऱ्हाइकासमोर त्याला बोलू नका. दुकान बंद झाल्यावर जवळ बसवून सांगा.

५) वाईट दिवसानंतर बैठक घ्या. प्रत्येक धंद्यात '३६ धावांचा' एक दिवस येतो. माल बुडतो, मोठे गिऱ्हाईक तुटते, भागीदार सोडून जातो. त्या रात्री शटर ओढून एकटे बसू नका. घरच्यांना आणि कामगारांना खरा आकडा सांगा. उद्या कोण काय करील ते ठरवा.

६) यशात वाटेकरी करा. सणाला बोनस द्यावाच. पण जो सर्वांत नवा आहे त्याचे नाव चार माणसांत घ्या. त्याला पैसा लागत नाही, आणि तो मुलगा वर्षभर मन लावून काम करतो.

घरी करावयाचा अभ्यास

या आठवड्यात वाचकांनी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी काढावीत. पहिला प्रश्न : गेल्या वर्षभरात माझा पैसा किती वेळा फिरला? वर्षात विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीला दुकानात सरासरी पडून असलेल्या मालाच्या किमतीने भागा, उत्तर मिळेल. दुसरा प्रश्न : माझ्या धंद्यातले असे कोणते काम आहे की जे माझ्यापेक्षा दुसऱ्याला चांगले येते, आणि तरीही ते मी सोडत नाही? पहिल्याला पाटी-पेन्सिल पुरेल. दुसऱ्याला थोडा मनाचा मोठेपणा लागेल.

श्रीरामपूर, आश्वी आणि लोणी या गावांतून एस.टी. आजही जाते. त्या एस.टी.त बसून पुण्या-मुंबईला नोकरी शोधायला निघालेला एखादा तरुण हा लेख वाचीत असेल. जावे, जरूर जावे. झहीरही गेलाच होता. पण 'माझ्याजवळ काही नाही' हे वाक्य पिशवीत घालून जाऊ नये. काय नाही त्याची यादी करावी, काय आहे त्याची करावी, आणि दुसऱ्या यादीवर काम सुरू करावे.